प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यांवर देवदेवता श्रद्धेपोटी असत की राजकारणासाठी?

रोममध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. मुख्य पुरोहिताचं पदसुद्धा तिथे निवडणुकीने मिळायचं. इ.स.पू. ६३ मध्ये ज्युलियस सीझरने भरमसाट कर्ज करून ते पद मिळवलं. टांकसाळ होती जुनो मोनेटा देवीच्या देवळाजवळ. इंग्रजीतला 'मनी' हा शब्द तिच्याच नावावरून आला.

चांदीचं दिनारियस इ.स.पू. २११ च्या सुमारास सुरू झालं. आकाराने आपल्या रुपयाहून किंचित लहान, वजन साधारण चार ग्रॅम. सुरुवातीला एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांवरचे कॅस्टर-पोलक्स हे जुळे देव असत. पुढे टांकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी आपापल्या घराण्याचे पूर्वज नाण्यांवर आणू लागले आणि तिथून खरी गंमत सुरू होते.

सीझरचं हत्तीचं नाणं जरूर बघा. इ.स.पू. ४९ मध्ये सिनेटविरुद्ध युद्ध पेटलेलं असताना सैन्याच्या पगारासाठी ते पाडलं. हत्तीखाली 'सीझर' एवढीच अक्षरं. मागे पळी, पाणी शिंपडायचा कुंचा, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी, म्हणजे सगळी पूजेची उपकरणं. ज्याला बंडखोर ठरवलं, तो शिपायाच्या तळहातावर सांगतोय की रोमचा मुख्य पुरोहित मीच आहे!

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते ब्रूटसचं नाणं. इ.स.पू. ५४ मध्ये टांकसाळ अधिकारी असताना त्याने स्वातंत्र्यदेवी लिबर्टासचा चेहरा छापला होता. राजाला हाकलणारा आपला पूर्वजही त्याने नाण्यावर आणला. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने स्वतःचा चेहरा छापायला लावला. जिवंत माणसाचं मुख रोमच्या टांकसाळीतून येण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी १५ मार्चला ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी सीझरचा खून केला. इ.स.पू. ४२ मधल्या ब्रूटसच्या नाण्यावर दोन खंजीर आहेत, मध्ये मुक्त केलेल्या गुलामाला मिळणारी टोपी आहे आणि खाली त्या दिवसाची तारीख. कॅसियस दियो या इतिहासकाराने या नाण्याची मुद्दाम नोंद केली आहे.

आता ते उलटून बघा. बारा वर्षांपूर्वी जिथे लिबर्टास होती, त्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे.