बी१च्या लेझेनबद्दल विचारलंत म्हणून

ताई, तुम्ही लिहिलंय की जर्मनच्या बी१ परीक्षेच्या सरावात लेझेनला, म्हणजे वाचनाच्या भागाला, ३०पैकी १६च बरोबर येतात, वेळ पुरत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन वर्षाअखेरीस जर्मनीत यायचंय. परीक्षेचं स्वरूप तुम्हाला पाठच असेल. पास व्हायला १८ लागतात, म्हणजे तुम्ही फक्त दोन उत्तरांनी मागे आहात. हे आधी मनात पक्कं करा.

वेळ जातो तो बहुतेक दुसऱ्या भागात, वर्तमानपत्री मजकुरात. तिथे वीस मिनिटांच्या वर थांबू नका. आधी प्रश्न वाचा, मग मजकूर. जाहिरातींच्या भागात प्रत्येक माणसाला योग्य जाहिरात जोडायची असते, पण एका माणसासाठी जाहिरातच नसते, तिथे शून्य लिहायचं असतं. ओढूनताणून जोडी लावलीत की दुसरी जोडीही बिघडते. आणि उत्तरपत्रिका भरायला वेगळा वेळ मिळत नाही, सगळं त्या ६५ मिनिटांतच.

शब्दसंग्रहाचं ओझं घेऊ नका. मार्क जातात ते बारक्या शब्दांत. 'एर्स्ट आम मोंटाग' म्हणजे नुसतं 'सोमवारी' नव्हे, 'सोमवारच्या आधी नाहीच'. आपण म्हणतो ना 'सोमवारी कुठे मिळणार', तसं. 'नूअर नोख' (आता फक्त एवढंच), 'काउम' (जेमतेम), 'झोफेर्न' (या अटीवर की) अशा शब्दांची एक वही करा. रोज एक लहान बातमी घ्या आणि फक्त हे शब्द अधोरेखित करा.

हे इतक्या कळकळीने लिहितेय त्याला कारण आहे. पुण्यात मी हीच परीक्षा दिली, लेझेनमध्ये ३०पैकी २६ आले, पेढे वाटले. न्युर्नबर्गला आलो. मुलगा दुसरीत. त्याच्या दप्तरातून शाळेचं पत्र आलं, दुपारच्या जर्मनच्या जादा तासाबद्दल. शेवटचं वाक्य 'झोल्टन'ने सुरू होत होतं. त्यात 'शुक्रवारपर्यंत' आणि 'काइन बेडार्फ', म्हणजे 'गरज नाही', हे शब्द मला दिसले. मी समजले, आपल्याला काही करायची गरज नाही. खरं वाक्य असं होतं: शुक्रवारपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही, तर तुमच्या मुलाला या तासाची गरज नाही असं आम्ही धरू. वाक्याच्या सुरुवातीला 'झोल्टन' आलं की त्याचा अर्थ 'जर' होतो. मला हे शिकवलेलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं, सही केली, पत्र फाइलला लावलं.

वर्षभर त्याला तो तास मिळाला नाही. मी जानेवारीत विचारायला गेले तर बाईंनी शांतपणे पत्राची प्रत पुढे ठेवली. नियमाने त्यांचं बरोबर होतं. पण नवीन आलेल्या आईला एक फोन करता आला नसता का, हे मला आजही वाटतं.

बायर्नमध्ये, म्हणजे न्युर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या सरासरीवर पुढची शाळा ठरते. गिम्नाझिउमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, २.३३पर्यंत लागते, रेआलशूलंला, म्हणजे मधल्या पातळीच्या शाळेला, २.६६पर्यंत, आणि इथे १ म्हणजे सर्वांत चांगला दर्जा. माझ्या मुलाला गणितात २, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. जर्मनमध्ये ३ असता तर २.६६ झाले असते. तो मिटलशूलंला, म्हणजे उरलेल्या तिसऱ्या प्रकारच्या शाळेत, गेला. आता आउसबिल्डुंग, म्हणजे कामासोबतचं व्यवसाय-शिक्षण, करतोय, खूश आहे. इथली व्यवस्था पुढेही वाटा देते, काही बिघडलं नाही, असं नवरा म्हणतो. मुलगाही म्हणतो. मला ते पटवून घेता आलेलं नाही. तो एक दर्जा त्या शुक्रवारी गेला, असंच मी धरून बसलेय.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, दोन हिवाळे जड जातात, मग सवय होते. त्यासाठी येणं थांबवू नका.

कागदपत्रांसाठी मात्र आजपासून एक सवय लावा. कुठलंही पत्र बसून वाचायचं, क्रियापद शोधायचं, तारीख शोधायची आणि 'मी गप्प राहिले तर काय होईल?' हा प्रश्न त्या पत्राला विचारायचा. परीक्षेच्या शेवटच्या भागात नियमावली येते ना, तिथेही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

मुलाच्या शाळेचं पहिलं पत्र आलं की मला फोटो पाठवा. रात्री कितीही वाजले असले तरी पाठवा, त्याच दिवशी वाचून सांगेन.