वाचकांचे प्रश्न : दोन रुपये पगाराचा मंत्री

प्रश्न : माझे आजोबा वर्ध्याला वकिली करीत. जुन्या नागपूर कौन्सिलचा विषय निघाला की, "आमच्या प्रांताने मंत्र्याला वर्षाला दोन रुपये पगार लावला होता," असे ते हसत सांगत. ही नुसती आख्यायिका आहे की असे खरोखर घडले होते? घडले असेल, तर दोनच रुपये का? सरळ काहीच का दिले नाही?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : आपल्या आजोबांनी सांगितले ते खरे आहे. मार्च 1924 मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलने आपल्या प्रांताच्या मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणले. गंमत म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मुळात कायद्याच्या एका कलमाचा पुरेपूर वापर होती, म्हणून ती थोडी मागून सांगावी लागेल.

1919 च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, न्याय, जमीनमहसूल, अर्थ ही खाती "राखीव" राहिली आणि ती गव्हर्नर आपल्या कार्यकारी मंडळाच्या मदतीने चालवी. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी ही खाती "सोपीव" ठरली आणि ती कौन्सिलच्या सभासदांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आली. तिजोरी एकीकडे आणि खर्चाची खाती दुसरीकडे अशी ही वाटणी होती. शाळा काढायची इच्छा मंत्र्याची, पण पैशाची किल्ली ज्याच्या कमरेला तो कौन्सिलला जबाबदार नव्हता, असा तो संसार होता.

या पद्धतीतली पहिली निवडणूक 1920 च्या अखेरीस झाली, तेव्हा काँग्रेसने असहकारामुळे तिच्यावर बहिष्कार टाकला होता. असहकाराच्या ठरावावर अखेरचे शिक्कामोर्तब त्याच डिसेंबरात खुद्द नागपूरच्या अधिवेशनात झाले, हे आपल्यासारख्या विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. कौन्सिलात त्यामुळे प्रामुख्याने नेमस्त मंडळी आणि जमीनदार येऊन बसले. पुढे चौरीचौरानंतर चळवळ थांबली, गांधीजी तुरुंगात गेले आणि "आता काय?" या प्रश्नावर काँग्रेसचे दोन तट पडले. कौन्सिलात शिरून सरकारला आतून अडवावे असे म्हणणारे ते फेरवादी आणि बहिष्कार जसाच्या तसा चालू ठेवावा असे म्हणणारे ते नाफेरवादी. डिसेंबर 1922 मधल्या गया अधिवेशनात फेरवाद्यांचा पराभव झाला, तेव्हा चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी 1923 च्या आरंभी स्वराज्य पक्ष काढला. सप्टेंबरात दिल्लीला भरलेल्या खास अधिवेशनाने कौन्सिलप्रवेशाला मोकळीक दिली आणि नोव्हेंबरात निवडणुका झाल्या.

मध्यप्रांतात या पक्षाला जे यश मिळाले ते दुसऱ्या कोणत्याही प्रांतात मिळाले नाही. बंगालमध्ये दासांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण बहुमतासाठी त्याला इतरांची मदत घ्यावी लागली. नागपुरात मात्र स्वराज्य पक्षाला स्वतःच्या बळावर स्पष्ट बहुमत होते. याची कारणे माझ्या मते दोन. नागपूर-वऱ्हाडचा वकील-डॉक्टर वर्ग टिळकांच्या राजकारणात वाढलेला होता आणि कौन्सिलला पाठ फिरवणे त्याला कधीच मनापासून पटले नव्हते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरे कारण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात घडले. मे ते ऑगस्ट 1923 या काळात नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, देशभरातून स्वयंसेवक येऊन तुरुंगात गेले आणि शहर ढवळून निघाले. त्या सत्याग्रहाचे एक प्रमुख नेते जमनालाल बजाज हे स्वतः नाफेरवादी होते, पण अवघ्या तीन महिन्यांवर आलेल्या निवडणुकीत त्या वातावरणाचा लाभ फेरवाद्यांना झाला. राजकारणात एकाने नांगरलेल्या शेतात दुसऱ्याचे पीक येते ते असे.

आता आपला मूळ प्रश्न. स्वराज्य पक्षाने मंत्रिपदे घ्यायची नाहीत असे ठरवलेले असल्याने गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी बहुमताबाहेरचे मंत्री नेमले. जानेवारी 1924 मध्ये कौन्सिलने त्यांच्यावर अविश्वास दाखवला. पण अविश्वासाचा ठराव झाला म्हणजे मंत्री गेला, असे त्या कायद्यात कोठेच नव्हते, कारण मंत्र्याचे पद गव्हर्नरच्या मर्जीवर होते. तेव्हा पक्षाने अंदाजपत्रकाची वाट धरली. मार्चमध्ये मागण्या एकामागून एक मांडल्या गेल्या आणि एकामागून एक फेटाळल्या गेल्या. मंत्र्यांच्या वेतनाची मागणी तेवढी फेटाळली नाही, ती दोन रुपयांवर आणून मंजूर केली. यातली मेख अशी की, मंत्र्याला कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतके वेतन मिळावे, "मात्र कौन्सिलने मताने त्याहून कमी ठरवल्यास ते कमी वेतन मिळावे" अशा आशयाची तरतूद कायद्यातच होती. मागणी फेटाळली असती, तर "कौन्सिलने वेतन ठरवलेच नाही" असा वाद घालायला सरकारला वाव राहिला असता. दोन रुपये मंजूर केल्यावर वेतन ठरले, तेही कायद्याच्या शब्दांत बसेल असे ठरले, आणि त्या वेतनावर राहणे कोणाही मानी माणसाला शक्य नव्हते. मंत्र्यांनी राजीनामे दिले. आपल्या आजोबांना या प्रकरणात जी मजा वाटत असे, ती मला वाटते वकिलाची मजा होती.

पण याच्या पुढचा भाग सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. राखीव खात्यांच्या फेटाळलेल्या मागण्या गव्हर्नर आपल्या अधिकारात प्रमाणित करून पुन्हा बसवू शकत होता. सोपीव खात्यांच्या बाबतीत त्याला खाते चालू राहण्यापुरता खर्च मंजूर करता येई. त्यामुळे शिक्षकाचा पगार थांबला नाही आणि दवाखान्याला कुलूप लागले नाही, सरकारी गाडा चालूच राहिला. मंत्री नसल्याने सोपीव खातीही गव्हर्नरने आपल्याकडे घेतली. सरकारची कोंडी करायला निघालेल्या बहुमताने हिंदी माणसांच्या हाती आलेली चार खातीसुद्धा पुन्हा साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली, असे त्या वेळचे टीकाकार म्हणत, आणि त्यात तथ्य होते. द्विदल राज्यपद्धती निरर्थक आहे हे जगाला दाखवून देण्याचा हेतू साधला, पण ते दाखवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचे, याचे उत्तर पक्षाजवळ नव्हते. पुढची सगळी भांडणे या एका उणिवेतून निघाली.

प्रश्न : वऱ्हाडातले सभासद मतदारांनी निवडून दिल्यावरही त्यांना सरकारने "नियुक्त" केले, असे एका जुन्या राजपत्राच्या उल्लेखात वाचले. निवडून आलेला माणूस नियुक्त कसा?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : वऱ्हाड ही कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानची भूमीच नव्हती, म्हणून. 1853 च्या तहाने हा मुलूख निजामाने कंपनीकडे कारभारासाठी सोपवला. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन यांनी निजामाशी नवा करार करून तो कायमच्या पट्ट्याने घेतला, त्याबद्दल वर्षाला 25 लाख रुपये द्यायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी तो मध्यप्रांताला जोडला. कारभार नागपूरहून होत असला, तरी मालकी कागदोपत्री हैदराबादचीच राहिली.

1919 च्या कायद्याने निवडणूक द्यायची ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मतदारसंघांना. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे चार जिल्हे त्यात येईनात. तोड अशी काढली की, वऱ्हाडात मतदार याद्या, उमेदवार, मतदान, मोजणी सगळे यथासांग करायचे आणि ज्याला सर्वाधिक मते पडतील त्याचे नाव गव्हर्नरने औपचारिकपणे नियुक्त करायचे. नागपूरचा सभासद निवडून आला की सभासद झाला, अमरावतीचा सभासद मात्र निवडून येऊन वर नियुक्तही व्हायचा. सभागृहात दोघांच्या मताला सारखीच किंमत होती. एवढेच नव्हे, नागपूरच्या कौन्सिलने केलेला कायदाही वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, त्यासाठी हिंदुस्थान सरकारचा वेगळा हुकूम निघावा लागे. ज्या प्रदेशाने स्वराज्य पक्षाला इतके सभासद दिले, तो कायद्याने परमुलूख होता, ही त्या काळातली एक नवलाची गोष्ट आहे.

प्रश्न : श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी पद स्वीकारून स्वराज्य पक्षाशी दगाबाजी केली, असे आमच्या घरातल्या जुन्या मंडळींचे मत होते. आपले मत काय?
– एक वाचक, अकोला

उत्तर : "दगाबाजी" हा शब्द मी वापरणार नाही, पण पक्षाचा शिस्तभंग झाला हे नाकारताही येणार नाही.

तांबे अमरावतीचे आणि स्वराज्य पक्षाचे. पहिली चार वर्षे कौन्सिलचा अध्यक्ष गव्हर्नर नेमत असे, त्यानंतर तो सभासदांनी निवडायचा होता. 1925 मध्ये ती वेळ आली तेव्हा सभागृहाने तांबे यांना निवडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व, म्हणजे राखीव बाजूचे पद, स्वीकारले. ज्या पक्षाने मंत्रिपदसुद्धा निषिद्ध मानले होते, त्याच्या माणसाने थेट गव्हर्नरच्या शेजारची खुर्ची घेतली, तेव्हा मोतीलाल नेहरूंचा संताप स्वाभाविक होता.

पण पक्षातलेच महाराष्ट्रातले पुढारी न. चिं. केळकर आणि बॅ. मुकुंदराव जयकर यांनी उलट विचारलेला प्रश्नही तितकाच रास्त होता. त्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांनी मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्षपद घेतले आणि स्वतः मोतीलालजींनी लष्करी शिक्षणासंबंधीच्या सरकारी समितीवर, म्हणजे स्कीन समितीवर, बसण्याचे कबूल केले. मग पाप कोठे सुरू होते? पगाराच्या आकड्यापाशी, की खुर्चीच्या जागेपाशी? या प्रश्नाला पक्षाने तर्काने उत्तर दिले नाही, शिस्तीने दिले, आणि महाराष्ट्रातली मंडळी बाहेर पडली. केळकर, जयकर आणि मुंजे यांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले, यवतमाळचे बापूजी अणे त्यांच्याबरोबर राहिले आणि फेब्रुवारी 1926 मध्ये अकोल्यातच, आपल्याच गावी, प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला. सरकार देईल तितके घ्यावे आणि अधिकासाठी भांडत राहावे, हे टिळकांच्या नावावर चालणारे सूत्र त्याचे ब्रीद होते. साबरमतीला समेटाचा प्रयत्न झाला, तोही फसला.

माझ्या मते तांबे हे या फुटीचे निमित्त होते, कारण नव्हते. दोन रुपयांचा डाव यशस्वी झाल्यापासूनच अनेक सभासदांना प्रश्न पडला होता की, बहुमत असूनही आपल्या मतदारसंघातला एक रस्ता किंवा एक शाळा आपण मंजूर करून आणू शकत नाही, तर पुढच्या खेपेला मते कशी मागायची? हा प्रश्न पडलेला माणूस कधी ना कधी खुर्चीकडे वळणारच होता. तांबे आधी वळले आणि कोणाशी सल्लामसलत न करता वळले, एवढा दोष मी त्यांना देईन. पुढे ई. राघवेंद्रराव हे बिलासपूरचे स्वराज्यवादी पुढारीही मंत्री झाले आणि 1936 मध्ये त्यांनी हंगामी गव्हर्नर म्हणून कारभार पाहिला. तांबे तर त्याआधीच, 1929 मध्ये, त्याच जागी बसले होते. 1923 साली सरकारची कोंडी करायला निघालेल्या एकाच पक्षातून दोन हंगामी गव्हर्नर निघाले. आपल्या घरातल्या मंडळींना हेच झोंबत असणार.

प्रश्न : मुंबई इलाख्यात त्या वेळी अशी अडवणूक का झाली नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुमत नव्हते म्हणून. मुंबईच्या कौन्सिलात जयकरांच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्ष होता, पण सभागृह त्याच्या हाती नव्हते. तिथे मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या, आणि ब्राह्मणेतर पक्षाचे राजकारण मुळातच वेगळ्या पायावर उभे होते. शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती त्या पक्षाच्या दृष्टीने शोभेची नव्हती. गावच्या शाळेत आणि तालुका बोर्डात शिरण्याची वाट त्याच खात्यांतून जात होती, म्हणून ती खाती गव्हर्नरला परत करण्याचा विचार त्या मंडळींना परवडणारा नव्हता. भास्करराव जाधव मंत्री झाले ते याच भूमिकेतून. सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी याच मुंबई कौन्सिलात मंजूर करून घेतला होता, आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे त्या ठरावाचा आधार होता. नागपूरला जे कौन्सिल बंद पाडण्याच्या लायकीचे वाटले, त्याच प्रकारच्या कौन्सिलातून मुंबईत कोणाला पाण्याचा हक्क मागता आला. दोन्ही गोष्टी वर्षभराच्या आतल्या आहेत.

प्रश्न : 1923 च्या त्या निवडणुकीत नागपूरच्या स्त्रियांनी मतदान केले होते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हे 1919 च्या कायद्याने त्या त्या प्रांताच्या कौन्सिलवर सोडले होते. मद्रास आणि मुंबई यांनी 1921 मध्येच तो हक्क दिला, मध्यप्रांताने मात्र या निवडणुकीनंतर दिला. मत असलेल्या पुरुषांची संख्याही थोडीच होती, कारण जमीनमहसूल, घरपट्टी किंवा प्राप्तिकर यांच्या अटी पार केल्याशिवाय मतदार यादीत नाव येत नसे.