अमाइनचा क्रम आणि 'माझी बुद्धीच कमी आहे का?'

बारावी विज्ञानाची मुले समुपदेशनाला येतात, तेव्हा वाचलेले लक्षात राहत नाही म्हणजे आपली बुद्धीच कमी, असा निष्कर्ष त्यांनी आधीच काढलेला असतो. अमळनेर तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याचे वडीलही म्हणाले, "आंडोर (मुलगा) रातभर वाचस, पन ध्यानमा काहीच ऱ्हात नही." नेमके काय राहत नाही, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सर, अमाइनच्या बेसिसिटीचा क्रम. मिथिलचा वेगळा, इथिलचा वेगळा, वायूत तिसराच."

अमाइन म्हणजे अमोनियातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनी गट आलेली संयुगे, आणि बेसिसिटी म्हणजे त्यांची प्रोटॉन स्वीकारण्याची ताकद. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असल्याने त्याला ॲनिलीनविषयी, म्हणजे बेंझिनच्या वलयाला नायट्रोजन थेट जोडलेल्या अमाइनविषयी विचारले. नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनची जोडी बेंझिनच्या वलयात विखुरते, म्हणून ते अमोनियापेक्षाही दुर्बल, हे त्याने न अडखळता सांगितले. ज्याचे कारण ठाऊक होते ते त्याच्या लक्षात होते. तेव्हा दोष स्मरणशक्तीचा नव्हता.

मिथिल, इथिलसारखे अल्किल गट नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन ढकलतात, म्हणून गट वाढतील तशी बेसिसिटी वाढावी, हा त्याचा नियम वायू अवस्थेत खराच ठरतो. पाण्यात मात्र अमाइनने प्रोटॉन घेतल्यावर जो धन आयन तयार होतो, त्याला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी स्थिर करतात, आणि नायट्रोजनवरचे हायड्रोजन जितके कमी, तितका हा आधार तुटपुंजा होतो; शिवाय गटांची दाटी पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणूनच पाण्यातली बेसिसिटी मोजणारा आकडा, पीकेबी, डायमिथिलअमाइनचा 3.27, मिथिलअमाइनचा 3.38, ट्रायमिथिलअमाइनचा 4.22 आणि अमोनियाचा 4.75 असा येतो. आकडा लहान तितका बेस प्रबळ. इथिलमध्येही दुय्यम (दोन गटांचे) अमाइनच 3.00 घेऊन पुढे आहे, पण तृतीयक (तीन गटांचे) 3.25 आणि प्राथमिक (एका गटाचे) 3.29, म्हणजे त्या दोघांत अंतर केवळ 0.04. एवढ्याशा फरकावर स्वतःच्या बुद्धीचे माप काढणे मला तरी अन्यायाचे वाटते.

क्रम पाठ करण्याऐवजी प्रत्येक अमाइनपुढे कोणता परिणाम वरचढ ठरला एवढेच लिहायला मी त्याला सांगितले. वडिलांनी स्मरणशक्तीच्या औषधाविषयी विचारले, तेव्हा औषध नको, फक्त रात्री अकराला दिवा बंद करा, असे सुचवले.

पुढच्या भेटीत मी मुद्दाम बेंझिलअमाइन विचारले. थोडा थांबून तो म्हणाला, "सर, वलय आहे, पण नायट्रोजन त्याला थेट जोडलेला नाही. जोडी मोकळीच राहील, म्हणजे ॲनिलीनपेक्षा पुष्कळ प्रबळ." उत्तर बरोबर होते: पीकेबी ॲनिलीनचा 9.38, बेंझिलअमाइनचा 4.70.