तुमचे प्रश्न : वाघाच्या कानामागचे ठिपके

प्रश्न : नातीला घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. वाघ आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्याच्या दोन्ही कानांमागे ठळक पांढरे ठिपके दिसले. नात म्हणाली, "आजोबा, याला मागे पण डोळे आहेत!" हे ठिपके कशासाठी असतात?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आधी नातीला माझ्याकडून शाबासकी द्या. वाघ पाठ करून बसला की बहुतेक मंडळी "दिसतच नाही काही" म्हणत पुढे सरकतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, तेव्हा मुलांना मुद्दाम पाठमोऱ्या वाघापाशी थांबवायचे. कान, मान, खांदे, शेपटीवरची वलयं, सगळं तेव्हाच निवांत पाहता येतं.

वाघाच्या कानाची मागची बाजू काळी असते आणि त्या काळ्यात मधोमध हा पांढरा ठिपका. तो का असावा, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. तुमच्या नातीला सुचलं तेच काही अभ्यासकांनाही सुचलंय : मागून येणाऱ्याला हे डोळे वाटावेत. सुंदरबनात माणसांनी हीच युक्ती उलट वापरली. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून १९८६च्या सुमारास तिथले मध काढणारे आणि लाकूडतोडे डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधू लागले, आणि काही काळ त्याचा उपयोगही झाला. पण पूर्ण वाढलेल्या वाघावर मागून चालून जाणार कोण? त्यामुळे वाघापुरता हा तर्क मला कच्चा वाटतो. दुसरा तर्क असा की, उंच गवतातून आईमागे चालणाऱ्या बछड्यांना ही खूण दिसत राहते. हे शक्य आहे.

मला सगळ्यात पटतो तो तिसरा. वाघ चिडला की कान असे पिळतो की त्यांची मागची बाजू पुढे येते. मग समोरच्याला उघडा जबडा, सुळे आणि वर ते दोन पांढरे ठिपके एकदम दिसतात. 'आणखी जवळ येऊ नकोस' हे न झुंजताच सांगून होतं. दोन वाघांची झुंज झाली तर जिंकणाराही जखमी होतो आणि जखमी वाघाला शिकार जमत नाही. म्हणून असा इशारा फार मोलाचा.

प्रश्न : आमच्या मनीच्या डोळ्यांत दिवसा उभी फट दिसते. वाघाचंही तसंच असतं का?
– इयत्ता सातवीतली वाचक, बिबवेवाडी

उत्तर : नाही गं. वाघाच्या डोळ्याची बाहुली आपल्यासारखी गोल असते आणि उजेडात बारीक झाली तरी गोलच राहते. उभी फट जमिनीलगत दबा धरणाऱ्या छोट्या शिकाऱ्यांमध्ये जास्त आढळते. रात्री डोळे चमकतात ते मात्र दोघांचेही. आता मनीला खिडकीशी धरून नीट बघ आणि वहीत चित्र काढ.

प्रश्न : एवढा भडक केशरी प्राणी हरणांना दिसत कसा नाही?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भडक तो आपल्याला. चितळ-सांबरांच्या डोळ्यांना केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्यांना वाघ झाडोऱ्याच्याच रंगाचा दिसतो. त्यात उभ्या पट्ट्यांमुळे अंगाची कड मोडते आणि गवताच्या सावल्यांत वाघ कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते समजत नाही.

हे पट्टे नुसते केसांवर नसतात. उपचारासाठी केस भादरले तरी खाली कातडीवर तीच नक्षी दिसते. कुठल्याही दोन वाघांची नक्षी सारखी नसते. इतकंच काय, एकाच वाघाची डावी कूसही उजवीसारखी नसते. म्हणूनच जंगलात गणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकाच कुशीचा फोटो मिळाला, तर दुसऱ्या कुशीचा फोटो त्याच वाघाचा की दुसऱ्याचा, हे ठरवता येत नाही. २०२२च्या गणनेत अशा फोटोंवरून देशात ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले. एकूण अंदाज ३,६८२ निघाला, त्यात महाराष्ट्रातले ४४४.

कात्रजला गेलात तर एकाच वाघाच्या दोन्ही कुशींचे फोटो काढा आणि घरी शेजारी ठेवून खांद्यामागचे पट्टे जुळवून पाहा. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.