कोरियात राहून मुलांना मार्शल आर्ट शिकवायची नोकरी मिळते का?

मिळू शकते, पण तायक्वांदोच शिकवायचा विचार असेल तर अवघड आहे, कारण तिथे गल्लीगल्लीत दोजांग (तायक्वांदोचे क्लास) आहेत आणि शिकवणारे कोरियनच ढिगाने मिळतात. ब्राझिलियन जुजुत्सू, एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) किंवा मुए थाय (थाई बॉक्सिंग) येत असेल तर जरा बरा चान्स.

पहिली अडचण व्हिसाची. इंग्रजी शिकवायच्या ई-2 व्हिसावर गेलात तर परवानगीशिवाय बाजूला क्लास घेता येत नाही, अगदी संध्याकाळचा एखादा तास पण नाही. स्टुडंट व्हिसावरही पार्टटाइमला आधी परमिशन लागते. कोरियन नवरा किंवा बायको असेल तर एफ-6 मिळतो, मग काम करायची मोकळीक.

आणि काम म्हणजे नुसत्या किका शिकवणं नाही हं. शाळा सुटली की व्हॅन घेऊन पोरांना आणायचं, दोरीच्या उड्या, खेळ, परत घरी सोडायचं, अर्धं पाळणाघरच म्हणा ना (आईबाप कामावर असतात म्हणून तर दोजांग चालतात). त्यामुळे कोरियन बोलता येणं मस्टच, आईबापांचे फोन इंग्रजीत येत नाहीत. तायक्वांदो शिकवायचं तर ब्लॅक बेल्ट कुक्कीवॉनचा (सोलमधली तायक्वांदोची मुख्य संस्था) असावा, गावच्या क्लासच्या सर्टिफिकेटला तिथे कोण विचारतंय. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना दान (मोठ्यांच्या ब्लॅक बेल्टची पायरी) नाही, पूम (मुलांचा ब्लॅक बेल्ट) मिळतो, एवढं तरी माहीत असू द्या.