जर्मनीत पॉवर इंजिनिअरिंगचं मास्टर्स: कोर्सचं नाव सोड, विषयांची यादी वाच

तुझा निरोप दोनदा वाचला. बीई इलेक्ट्रिकल, सीजीपीए ७.८, सोलर प्रकल्पांच्या साइटवर दोन वर्षं, आणि आता जर्मनीत 'पॉवर इंजिनिअरिंग आणि सस्टेनेबल एनर्जी' या धर्तीचं मास्टर्स करायचंय. कोर्स कोणता घेऊ, जर्मन कितपत लागेल, पैशाचं गणित कसं जमवायचं आणि शेवटी नोकरी मिळते का, असं विचारलंयस. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. मी याच वाटेने आले आणि आता इथे वीजजाळ्याच्या नियोजनाचं काम करते.

आधी कोर्स, कारण गाढवपणा मी तिथेच केला. अर्ज भरताना 'सस्टेनेबल' किंवा 'रिन्यूएबल' नावात असलेले सगळे कोर्स यादीत घातले. प्रवेश मिळाला, आनंद झाला, आणि पहिल्या सत्रात कळलं की निम्मे क्रेडिट इमारतींचं उष्णतागणित, ऊर्जा-अर्थशास्त्र आणि धोरण यांचे आहेत. विषय वाईट नव्हते, पण मला रिले आणि ट्रान्सफॉर्मर हवे होते आणि जाळ्यावरचे विषय होते फक्त दोन. मग इलेक्ट्रिकल विभागाचे वैकल्पिक विषय मागून घेतले, थिसिस तिकडे केला आणि निभावलं.

तू तसं करू नकोस. प्रत्येक कोर्सचं 'मोडूलहांडबूख' म्हणजे विषयांची पुस्तिका विद्यापीठाच्या साइटवर असते. शंभरेक पानांचं रटाळ प्रकरण आहे, पण कोणता विषय अनिवार्य, किती क्रेडिट, परीक्षा लेखी की तोंडी, शिकवणार इंग्रजीत की जर्मनमध्ये, सगळं त्यात असतं. लोड फ्लो, शॉर्ट सर्किट, स्थिरता, प्रोटेक्शन, हाय व्होल्टेज, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स यांतले निदान चार विषय ठोस दिसले तर तो तुझा कोर्स. एकूण १२० क्रेडिट असतात, त्यातले साधारण ३० थिसिसचे. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम धरतात, आणि ते खरंच तेवढं असतं.

विद्यापीठांचा पिंडही वेगवेगळा असतो. फ्रायबुर्गला सौरऊर्जेवर काम करणारी फ्राउनहोफर आयएसई ही संस्था गावातच आहे, त्यामुळे तिथला ओढा सेल आणि मटेरियलकडे. ओल्डेनबुर्गचा रिन्यूएबलचा कोर्स १९८७ पासून चालू आहे. तो रुंद आहे, सगळ्याची ओळख करून देतो. कासेलला फ्राउनहोफर आयईई आहे, तिथे नवी ऊर्जा जाळ्यात कशी सामावायची हाच विषय. आखेन, डार्मस्टाट ही अस्सल इलेक्ट्रिकलवाल्यांची घरं. तुझा कल बघता मी कासेल आणि आखेन वर ठेवीन.

मी जाळ्यावर इतकी अडून का बसले आहे ते सांगते. इथल्या छपरांवरच्या सोलर इन्व्हर्टरना एके काळी नियम होता: फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली (मागणीपेक्षा वीज जास्त झाली की ती ५० च्या वर चढते) की ताबडतोब बंद व्हायचं. छपरं थोडी होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. पुढे ती लाखांनी वाढली, तेव्हा लक्षात आलं की भर उन्हात फ्रिक्वेन्सी त्या आकड्याला टेकली तर हजारो मेगावॉट एका झटक्यात जातील, आणि असा धक्का सोसायला युरोपच्या जोडलेल्या जाळ्यात तातडीची राखीव क्षमता आहे ३,००० मेगावॉट. वीज जास्त झाली म्हणून सुरू झालेला प्रकार वीज कमी पडून अंधारात संपला असता! शेवटी २०१२ मध्ये कायद्याने नियम काढून जुन्या इन्व्हर्टरची सेटिंग बदलून घ्यावी लागली. पॅनल बसवणारे भरपूर मिळतात. हे असलं आधी ओळखणारी माणसं कमी पडतात.

आणि आता तर पेच आणखी मोठा आहे. शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. २०३० पर्यंत ८० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायचं कायद्यातलं उद्दिष्ट आहे. वारा उत्तरेला, मोठे कारखाने दक्षिणेला. मधलं अंतर भरायला झ्युडलिंक नावाची सुमारे ७०० किलोमीटरची, ५२५ किलोव्होल्टची डीसी केबल जमिनीखालून टाकताहेत. ती होईपर्यंत तिकडे पवनचक्क्या थांबवायच्या आणि इकडे दुसरी केंद्रं चालवायची, असा खेळ जवळपास रोज चालतो. तेव्हा 'काम आहे का' याचं उत्तर, आहे.

पण भाषा. इथे तुला गोड बोलून फसवत नाही. कोर्स इंग्रजीत होतो, नोकरी बहुतेक वेळा होत नाही. पारेषण कंपन्या चारच, पण वितरणाच्या आठशेहून जास्त, त्यातल्या कित्येक एखाद्या शहरापुरत्या. तिथे जोडणीचे नियम, नगरपालिकेशी पत्रव्यवहार, साइटवरचा फोन, सगळं जर्मन. मला पहिल्या मुलाखतींत याचा राग यायचा. उत्तरं बरोबर दिली तरी भाषेवर गाडी अडायची. नंतर सबस्टेशनवर गेले आणि राग गेला. इथला प्रत्येक इलेक्ट्रिशियन पाच सुरक्षानियम पाढ्यासारखे म्हणतो: पुरवठा तोडा, पुन्हा चालू होणार नाही अशी सोय करा, व्होल्टेज नाही याची खात्री करा, अर्थिंग आणि शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. फोनवर यातला एक शब्द चुकीचा समजला तर माणूस मरतो. म्हणून जर्मनची बी१ ही मधली पातळी तिथूनच करून ये, आणि थिसिसपर्यंत तिच्या वरची बी२ गाठ. मोठ्या उत्पादक कंपन्या आणि सल्लागार फर्ममध्ये इंग्रजीवर चालतं, पण त्या जागांवर सगळं जग तुटून पडतं.

गुणांचं इथलं सूत्र सोपं आहे आणि फसवंही. कमाल गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. इथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. तुझे ७.८, आणि उत्तीर्ण व्हायची रेषा ४ असेल तर उत्तर येतं २.१. रेषा ५ धरली तर २.३. तेच गुण, तोच माणूस! काही ठिकाणी प्रवेश २.५ ला थांबतो, तेव्हा तुझ्या विद्यापीठाची किमान रेषा किती याचं अधिकृत पत्र जोड.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी सक्तीचं आहे. ते सगळ्यात आधी.

पैसे. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला फी नाही, फक्त सत्राचं अंशदान. अपवाद लक्षात ठेव: बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, म्हणजे फ्रायबुर्गही त्यात आलं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० किंवा ६,००० युरो. व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे महिन्याच्या हप्त्यांनीच काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, त्यातून महिन्याला ९९२ मोकळे होतात. छोट्या शहरात तेवढ्यात भागतं, म्युनिकमध्ये घरभाडंच निम्म्याहून जास्त खाईल. कर्ज काढायचंच तर या रकमेपुरतं काढ. खासगी कॉलेजच्या फीसाठी काढू नकोस, एजंट काहीही सांगो.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिलं सत्र हॉटेलात भांडी घासलीस तरी चालेल, मीही घासली, पण दुसऱ्या सत्रापासून विभागातलं किंवा कंपनीतलं विषयाशी जोडलेलंच काम शोध. तिथेच थिसिस मिळतो, आणि थिसिसवरून नोकरी. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्लू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्यांना नोकरीवर मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यासाठी, नव्या पदवीधराला २०२५ साली वर्षाला ४३,७५९.८० युरो पगार लागत होता. ही रेषा दर जानेवारीत वर सरकते.

परीक्षांचं सांगायचं राहिलं. हजेरी नाही, अंतर्गत गुण नाहीत, सगळा निकाल शेवटच्या एका परीक्षेवर, आणि बहुतेक ठिकाणी संधी तीनच. माझ्या पहिल्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, ११० केव्ही लाइनवर एक फेज जमिनीला लागली तर काय होईल? मी आपल्या सवयीने छातीठोकपणे म्हटलं, लगेच ट्रिप, म्हणजे लाइन आपोआप बंद. सर हसले. इथे ११० केव्हीच्या जाळ्यातही न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजचा समाईक बिंदू, बऱ्याच ठिकाणी पेटरसन कॉइल या दोषाचा प्रवाह मारणाऱ्या गुंडाळीतून जमिनीला जोडलेलं असतं, त्यामुळे लाइन तशीच चालत राहते आणि तोवर दोष शोधतात. ती कॉइल काढणारा पेटरसन डार्मस्टाटचाच प्राध्यापक होता. तुझा साइटचा अनुभव सोन्यासारखा आहे, फक्त उत्तर देण्याआधी 'इथे न्यूट्रलचं काय केलंय' हे विचारत जा.

येण्याआधी पायथन शिकून पांडापॉवर हे वीजजाळ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर चालवून बघ. कासेलमध्येच तयार झालेलं, फुकट आहे, नमुन्याची जाळी आत असतातच. एखाद्या फीडरवर सोलर वाढवत न्यायचं आणि व्होल्टेज कुठे सुटतं ते बघायचं, एवढं केलंस तरी अर्जाच्या पत्रात लिहायला खरं काहीतरी असेल.

किमान गुणांच्या त्या पत्रासाठी मात्र याच आठवड्यात विद्यापीठात जा. मला ते मिळायला दीड महिना लागला होता, आणि त्यात एक अख्खं सत्र हुकलं.