कलेतिहास शिकवणाऱ्या बाईंची आठवण कशी जपावी?

बाईंवर स्मृतिलेख कसा लिहावा आणि घरच्यांनी विश्वासाने सोपवलेल्या स्लाइडच्या (प्रोजेक्टरवर दाखवायच्या, चौकटीत बसवलेल्या छोट्या फिल्म-चित्रांच्या) पेट्या व वह्यांचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. ही दोन वेगळी कामं समजू नका. कलेतिहासाच्या शिक्षकाचं निम्मं बोलणं स्लाइडच्या क्रमात असतं. म्हणून पेट्यांचं काम आधी, लेख नंतर.

क्रम मोडू नका. स्लाइड चित्रकारानुसार किंवा शतकानुसार लावाव्यात असं हमखास वाटतं आणि तिथेच बाईंचा तास कायमचा हरवतो. चित्रं कुठल्याही ग्रंथालयात मिळतील, पण त्यांनी कशाशेजारी काय ठेवलं ते पुन्हा मिळणार नाही. दोन प्रतिमा शेजारी दाखवून फरक बघायला लावायचा, ही स्विस कलेतिहासकार हाइनरिश वोल्फलिन यांच्यामुळे रूढ झालेली पद्धत. म्हणून ट्रे (स्लाइड ओळीने बसवायचे, खाचा असलेले प्रोजेक्टरचे साचे) बहुधा जोडीने सापडतील, एक डाव्या प्रोजेक्टरचा, एक उजव्याचा. मात्र डाव्यातली १५वी स्लाइड उजव्यातल्या १५वीबरोबरच दिसली असेल, असं धरून चालू नका. दोन्ही प्रोजेक्टरची बटणं वेगळी असत आणि एक चित्र पडद्यावर ठेवून दुसरीकडची चार-पाच बदलली जात. खरी जोडी वहीत सापडते: समासातला ‘डा’, ‘उ’, बाण, आकडे. वही आणि ट्रे समोरासमोर ठेवूनच यादी करा. रिकामी खाचही नोंदवा.

स्लाइड बाहेर काढण्याआधी ट्रेचा वरून फोटो घ्या. मग प्रत्येकीला ट्रे आणि खाच मिळून एक क्रमांक द्या, उदाहरणार्थ ३-१५. पुठ्ठ्याच्या चौकटीवर मऊ पेन्सिलीने लिहा. प्लास्टिकवर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर लिहा. चौकटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण हस्ताक्षरातली नोंद बऱ्याचदा मागे असते. चौकटीवर छापलेला महिना आणि वर्ष फिल्म धुतल्याचं असतं, फोटो काढल्याचं नव्हे. तरी ‘या तारखेच्या आधी’ एवढं त्यावरून नक्की कळतं, आणि बाईंचे अभ्यासदौरे लावताना त्याचा फार उपयोग होतो. कोपऱ्यातला ठिपका ही अंगठ्याची खूण, म्हणजे स्लाइड ट्रेत घालताना अंगठा ठेवायची जागा. स्लाइड हातात सरळ धरली की तो खाली डावीकडे यायला हवा. डावं-उजवं उलटलेलं चित्र स्कॅन होऊन लेखात छापलं जाणं ही नेहमीची चूक आहे.

स्कॅनिंगला ४००० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) पुरे. २४ × ३६ मिमीच्या फिल्ममधून सुमारे ३८०० × ५७०० पिक्सेल मिळतात. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवा, कापडाने पुसू नका. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई कोडाक्रोमवर (कोडॅकची एक जुनी स्लाइड-फिल्म) भरवशाची नाही, तिथे ती बंद ठेवा. जुन्या एक्टाक्रोम (कोडॅकचीच दुसरी फिल्म) स्लाइड लालसर दिसल्या तर त्यातला निळसर रंग उडालाय. संगणकावर तो बराच सावरता येतो, पण न सुधारलेली मूळ फाइल वेगळी ठेवा. कोडाक्रोम अंधारात वर्षानुवर्षं टिकते, प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र लवकर फिकटते. त्यामुळे स्मृतिसभेत मूळ स्लाइड दाखवायचा मोह टाळा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रोपिलीनची घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म लगेच वेगळी करा.

आता लेख. ‘बाई कशा होत्या?’ असं विद्यार्थ्यांना विचारलंत तर सगळ्यांकडून ‘प्रेमळ आणि व्यासंगी’ हेच येईल. त्याऐवजी विचारा: पहिल्या तासाला पडद्यावर काय होतं? एका चित्रासमोर त्या किती वेळ थांबत? आधी बघायला सांगत की आधी नाव? मोजमाप सांगत का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. पडद्यावर ७७ × ५३ सेंमीची ‘मोनालिसा’ आणि वेलाझ्केझचं ३१८ × २७६ सेंमीचं ‘लास मेनिनास’ सारख्याच उंचीची दिसतात. दरवेळी हात पसरून खरा आकार दाखवणारे शिक्षक काय जपत होते, ते त्या एका हालचालीतून वाचकाला कळतं. असे दोन-तीन प्रसंग नेमके मिळाले की विशेषणांची गरज उरत नाही. एकच आठवण तिघांनी वेगवेगळी सांगितली तर वहीत बघा, आणि तिथेही नसेल तर सांगणाऱ्याच्या हवाल्यानेच द्या.

पदं आणि वर्षं आठवणीवर सोडू नका. प्रबंधाचं मुखपृष्ठ, नेमणुकीचं पत्र, त्यांनी लिहिलेल्या प्रदर्शन-पुस्तिका यांवरून तपासा. इतरांच्या पुस्तकांतले ऋणनिर्देशही चाळा. चांगल्या शिक्षकाचं बरंचसं काम तिथेच नोंदलेलं असतं.

छापताना एक भेद पाळा. बाईंनी स्वतः काढलेले फोटो आणि टिपणं यांचे हक्क सहसा वारसांकडे जातात, तेव्हा त्यांची लेखी परवानगी घ्या. पुस्तकातून टिपलेल्या स्लाइड वर्गासाठी होत्या, त्या छापू नका, फक्त यादीत द्या. पेट्यांत विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका किंवा शिफारसपत्रं निघाली तर ती स्कॅन करू नका. वेगळ्या पाकिटात बंद करून घरच्यांना परत द्या.